संस्थेचे माहेर होते तेव्हा

मुंबईत डोंगरी भागात, उमरखाडीला, जुन्या दगडी भिंतींची एक वास्तू आहे. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात शिक्षा झाल्यावर टिळक आणि आगरकर यांना याच ठिकाणच्या तुरुंगात ठेवले होते. १०१ दिवसांनी ते सुटले. आगरकरांनी त्या दिवसांवर लिहिलेले पुस्तक मराठी वाचकांना परिचित आहे. पुढे तेथला तुरुंग गेला आणि त्या आवारात मुले राहायला आली. लोक त्या जागेला 'रिमांड होम' म्हणू लागले. कायद्याने ते नाव पुसून 'निरीक्षणगृह' केले, त्यालाही आता कितीतरी वर्षे लोटली. पण बोलण्यात जुनेच नाव टिकून आहे. मूल हट्टाला पेटले की "रिमांड होममध्ये नेऊन टाकीन" ही धमकी अजूनही काही घरांतून ऐकू येते.

तुरुंगाच्या जागी मुलांचे घर करायचे तर काय काय बदलावे लागते? कोठड्यांच्या खोल्या कराव्या लागतात, स्वयंपाकघर, शाळा, खेळायला अंगण लागते. पैसा आणि इच्छा असेल तर हे वर्षा-दोन वर्षांत जमते. पण तेथे राहणाऱ्या मुलाला ती जागा आपली वाटू लागणे, हे काम गवंड्याच्या हातचे नाही. महाराष्ट्रात मुलांसाठीच्या संस्थांचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे. त्या इतिहासात ही आपलेपणाची गोष्ट कुणाला साधली आणि कशी साधली, हे मला आज आपल्यापुढे मांडायचे आहे. विशेषतः बारा-तेरा ते अठरा या वयातल्या मुलामुलींच्या बाबतीत.

हेच वय का, असे तुम्ही विचाराल. लहान मूल रडून मांडी मागते. चौदा वर्षांच्या मुलाला ती मागता येत नाही. गरज मात्र संपलेली नसते. ती मग रुसव्यातून, संतापातून, गप्प बसण्यातून, कधी पळून जाण्यातून बाहेर पडते. माझा विषय इतिहास. पण काही वर्षे मी दर रविवारी एका बालगृहात मुलींना इतिहासातल्या गोष्टी सांगायला जात असे. शिवाजीमहाराजांची आग्र्याहून सुटका त्यांना फार आवडे. गोष्ट संपली की मोठ्या मुली मागे रेंगाळत आणि हळूच विचारीत, "बाई, पुढच्या रविवारी नक्की येणार ना?" गोष्टीपेक्षा हा प्रश्न त्यांना महत्त्वाचा होता, हे माझ्या लवकरच ध्यानात आले. त्यांच्या बोलण्यातून मला तीन प्रश्न पुन्हापुन्हा ऐकू येत. मी कुणाची? माझे ऐकणारे कोण? आणि येथून पुढे मी कुठे जायचे? जुन्या संस्थांचा इतिहास मी नंतर याच तीन प्रश्नांच्या आधाराने वाचू लागले.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. या इतिहासात अनाथ मुले आहेत, बालविधवा आहेत, शिक्षणासाठी खेड्यातून आलेली बोर्डिंगातली मुले आहेत आणि कायद्याच्या कचाट्यात सापडलेली मुलेही आहेत. त्यांच्या परिस्थितीत मोठा फरक होता. घरापासून दूर, अनेकांतला एक म्हणून वाढणे मात्र सर्वांच्या वाट्याला आले.

मी कुणाचा?

१८६३ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवल्या गेलेल्या विधवांनी तेथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल ठेवायचे असल्यास ठेवून जावे, अशी ती सोय होती. १८७४ मध्ये काशीबाई नावाच्या विधवेला तेथे मुलगा झाला. फुले दांपत्याने त्याला दत्तक घेतले. तोच यशवंत.

आपण ही गोष्ट येथपर्यंत सांगतो आणि थांबतो. मला तिचा पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. यशवंत तेरा वर्षांचा असताना, १८८७ मध्ये, जोतीरावांनी मृत्युपत्र केले आणि त्याला वारस ठरवले. विधवेचा मुलगा म्हणून त्याला मुलगी मिळणे सोपे नव्हते. तरी १८८९ मध्ये ससाणे घराण्यातल्या मुलीशी त्याचे लग्न झाले. १८९० मध्ये जोतीराव गेले तेव्हा यशवंत अवघा सोळा वर्षांचा होता. अंत्ययात्रेच्या वेळी भाऊबंदांनी त्याच्या हक्काला हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाईंनी टिटवे स्वतःच्या हाती घेतले. सोळा वर्षांच्या मुलाला वडिलांच्या पार्थिवासमोर 'तू यांचा कोण?' असे विचारले जाणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. त्या क्षणी त्याच्या बाजूने उभे राहणारे माणूस होते. पुढे यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी त्यालाच बोलावून घेऊन दवाखाना उघडला आणि रुग्णांची सेवा करतानाच त्या प्लेगने गेल्या.

पंढरपूरची कहाणीही अशीच जुनी आहे. वारकऱ्यांनी ज्या गावाला माहेर मानले, त्याच गावात नको असलेली अर्भके सोडून जाणारेही येत. लालशंकर उमियाशंकर या गुजराती गृहस्थांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये तेथे अशा मुलांसाठी काम सुरू झाले आणि प्रार्थना समाजाने ते सांभाळले. आज ती संस्था नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखली जाते.

पण संस्था वाढू लागल्या आणि एक नवीच अडचण आली. ती पाटीवर लिहिलेली होती. १८९६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी काढलेल्या संस्थेचे नाव 'अनाथ बालिकाश्रम'. १९०९ मध्ये पुण्यात निघालेल्या संस्थेचे नाव 'अनाथ विद्यार्थी गृह'. त्या काळी हे नाव देण्यात कमीपणा दाखवण्याचा हेतू मुळीच नव्हता. संस्था कुणासाठी आहे ते देणगीदाराला आणि गरजूला चटकन कळावे, एवढाच उद्देश असावा. पण दहा वर्षांच्या मुलाला न टोचणारी पाटी पंधराव्या वर्षी टोचू लागते. शाळेत पत्ता सांगताना, मित्राला घरी बोलावताना, पत्रावर नाव लिहिताना तो शब्द आडवा येतो. पुढे दोन्ही संस्थांच्या नावांतून 'अनाथ' हा शब्द गेला. एक 'पुणे विद्यार्थी गृह' झाली आणि हिंगण्याची संस्था आज 'महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था' म्हणून उभी आहे.

सरकारी शब्दांचा प्रवास याहून सावकाश झाला. मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला. १९८६ मध्ये देशभरासाठी बाल न्याय कायदा झाला, तेव्हा त्यात मुलांचे दोन वर्ग होते, उपेक्षित आणि अपराधी. २००० च्या कायद्याने ही भाषा बदलली. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले मूल, आणि कायद्याशी संघर्ष आलेले मूल, अशी नवी नावे आली. वाक्य लांबले खरे, पण त्यात मुलाचा स्वभाव सांगितलेला नाही, त्याची परिस्थिती सांगितली आहे. २०१५ च्या कायद्याने तर मुलांविषयी कलंक लावणारे शब्द वापरू नयेत, हे तत्त्व म्हणूनच नोंदवून ठेवले.

यात एक विचित्र वळणही आहे. २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने अनाथांना शिक्षण आणि नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण दिले. हा हक्क स्वतः संस्थांत वाढलेल्या तरुणांच्या धडपडीमुळे मिळाला. त्यासाठी अनाथ असल्याचे प्रमाणपत्र लागते. म्हणजे जो शब्द पाटीवरून काढला, तोच आता कागदावर मागून घ्यावा लागतो. मला यात विसंगती वाटत नाही. दुसऱ्याने कपाळावर चिकटवलेला शब्द आणि आपण हक्कासाठी हाती घेतलेला शब्द यांचे वजन सारखे नसते.

माझे ऐकणारे कोण?

पंडिता रमाबाई सोळा वर्षांच्या होत्या तेव्हा, १८७४ मध्ये, दुष्काळाच्या हालअपेष्टांत त्यांचे आईवडील गेले. पुढे भावाबरोबर त्या देशभर पायी हिंडल्या. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, ते नंतर पुण्यात आले. १८९७ च्या सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तेथे गेल्या आणि भुकेने खंगलेल्या मुली घेऊन केडगावला आल्या. त्यांच्या धर्मांतरावरून आणि सदनातल्या मुलींच्या धर्मावरून महाराष्ट्रात मोठे वादळ झाले, तो विषय स्वतंत्र आहे. आजच्या विषयापुरते एवढेच म्हणते की, या मुलींसमोर बसलेल्या बाईंना भूक आणि पोरकेपण सांगून समजावे लागत नव्हते. त्या स्वतः कोवळ्या वयात त्यातून गेल्या होत्या.

ऐकण्याचे काम शांतपणे कसे करता येते, याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण खानदेशातले आहे. १९२४ मध्ये साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे तेथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलांच्या खोल्या झाडणे, आजारी मुलापाशी रात्रभर बसणे, ही कामे ते न बोलता करीत, हे पुष्कळांनी लिहून ठेवले आहे. त्याहून वेगळी गोष्ट म्हणजे 'छात्रालय दैनिक'. हे दैनिक हाताने लिहिलेले असे. मुले सकाळी उठून ते वाचीत. दिवसभरात छात्रालयात काय घडले, काय चुकले, काय चांगले झाले, जगात काय चालले आहे, हे गुरुजी त्यात लिहीत.

वसतिगृहात मुलांना सूचना देण्यासाठी फळा असतोच. 'आंघोळीची वेळ', 'दिवे घालवण्याची वेळ'. पण आपल्या लहानशा जगातली घडामोड कुणीतरी रोज लिहावी इतकी ती महत्त्वाची आहे, हे मुलाला कळणे निराळे. 'श्यामची आई' हे पुस्तक गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यातला श्याम आईच्या आठवणी आश्रमातल्या सोबत्यांना सांगतो. घरापासून दूर राहणाऱ्यांसमोर बसून सांगितलेल्या त्या गोष्टी आहेत, ही चौकट आपण सहसा ध्यानात घेत नाही.

त्याच सुमारास फार दूर, पोलंडमध्ये वॉर्सा शहरात, यानुश कोर्चाक नावाचे एक डॉक्टर असाच प्रयोग करीत होते. १९१२ पासून ते ज्यू अनाथ मुलांचे घर चालवत. तेथे मुलांचे न्यायालय होते. न्यायाधीश मुले. तक्रार मुलावर करता येई तशी शिक्षकावरही करता येई आणि खुद्द कोर्चाक त्या न्यायालयापुढे उभे राहिले होते. १९२६ मध्ये त्यांनी मुलांनीच लिहायचे वृत्तपत्र सुरू केले. १९४२ च्या जुलैमध्ये, नाझींनी कोंडलेल्या वस्तीत, त्यांच्या मुलांनी रवींद्रनाथांचे 'डाकघर' हे नाटक केले. त्यातला अमल हा दत्तक घेतलेला, आजारी मुलगा. पुढच्याच महिन्यात सुमारे २०० मुलांसह कोर्चाक यांना त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेण्यात आले. सुटकेची संधी असूनही मुलांना सोडून ते गेले नाहीत.

अमळनेर आणि वॉर्सा यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तरी दोन्हीकडे एकच गोष्ट उमजलेली दिसते. संस्थेत वाढणाऱ्या मुलाला दिवसभर आज्ञा ऐकाव्या लागतात. त्याचेही म्हणणे कुठेतरी उमटले पाहिजे.

विज्ञान या मुद्द्याकडे थोड्या वेगळ्या वाटेने आले. मुंबईत १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी सर दोराबजी टाटा यांच्या नावाची संस्था निघाली, जी आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. लगेच दुसऱ्या वर्षी तिने मुलांच्या मनाच्या प्रश्नांसाठी मार्गदर्शन केंद्र सुरू केले. आपल्या देशातले ते पहिले मानले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात लक्षावधी मुले बेघर झाली होती. त्यांच्याविषयी जागतिक आरोग्य संघटनेसाठी जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने १९५१ मध्ये अहवाल लिहिला. अन्न, कपडे, स्वच्छता सर्व मिळूनही मायेचे एक स्थिर माणूस नसेल तर मूल आतून खुरटते, असे त्याचे सार होते. बोल्बींनी आईवर फार भर दिला. पुढे मायकेल रटर यांच्यासारख्या संशोधकांनी त्यात दुरुस्ती केली. ते माणूस आईच असले पाहिजे असे नाही, पण ते वरचेवर बदलता कामा नये. रुमानियात २००० पासून १३६ मुलांचा जो अभ्यास झाला, त्यात संस्थेतून कुटुंबात गेलेली मुले संस्थेतच राहिलेल्या मुलांपेक्षा अनेक बाबतींत सावरलेली आढळली.

आपल्याकडे या प्रश्नाला न्यायालयात वाचा फुटली. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या निरीक्षणगृहांतील मुलांचा प्रश्न लावून धरला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८६ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की मुलांना अशा ठिकाणी फार काळ ठेवू नये आणि असतील तोवर त्यांचा आत्मविश्वास वाढेल अशा कामात त्यांना गुंतवावे. कायद्याच्या भाषेत 'आत्मविश्वास' हा शब्द येणे ही लहान गोष्ट नव्हती. २०१६ च्या नियमांनी तर प्रत्येक बालगृहात मुलांच्या समित्या असाव्यात असे ठरवले. सहा ते दहा, अकरा ते पंधरा आणि सोळा ते अठरा अशा तीन वयोगटांच्या. जेवण, खेळ, दिनक्रम यांवर मुलांनी बोलावे, तक्रार करावी, सूचना द्यावी, यासाठी त्या आहेत. प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र काळजी-आराखडा करायचा, समुपदेशन द्यायचे, हेही त्यात आहे. अमळनेरच्या हस्तलिखित दैनिकात जे होते ते नियमात यायला सुमारे नव्वद वर्षे लागली. आता ते नियमातून फळ्यावर आणि फळ्यावरून मुलांच्या तोंडी यायला हवे. समितीच्या सभेला मुले बसली आहेत, पण बोलते आहे ती अधीक्षक बाई, असे व्हायला वेळ लागत नाही.

पुढे कुठे?

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण. घरात वाढणाऱ्या मुलाला सोळाव्या-सतराव्या वर्षी 'मोठेपणी काय व्हायचे' याची स्वप्ने पडतात. संस्थेतल्या मुलाला त्याच वयात महिने मोजावे लागतात. माझ्या रविवारच्या वर्गातली एक मुलगी सतरा पूर्ण झाल्यावर गोष्ट ऐकायची थांबली. अभ्यासही सुटला. ताई लोकांना वाटले, आळशी झाली. ती मात्र एका कागदावर उरलेले महिने मांडून ठेवत होती. तिला भविष्याची चिंता होती, आणि त्या चिंतेपुढे दहावीचा भूगोल टिकत नव्हता.

या प्रश्नाला कर्व्यांच्या हिंगण्याने जे उत्तर शोधले, ते मला फार शहाणपणाचे वाटते. १९०० मध्ये आश्रम गावाबाहेर हिंगण्याला गेला. फर्ग्युसनमधले शिकवणे आटोपून कर्वे रोज चालत तेथे जात. पावसाळ्यातल्या चिखलातूनही जात. आश्रमातल्या पुष्कळ विधवा कोवळ्या वयाच्या होत्या. त्यांना सासर नव्हते आणि माहेरीही तोंड वर करून राहता येत नव्हते. त्यांतून शिकून काही शिक्षिका झाल्या, काही स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. पार्वतीबाई आठवले विद्यार्थिनी म्हणून आल्या आणि पुढे आश्रमासाठी गावोगाव हिंडून निधी गोळा करू लागल्या, १९१८ मध्ये त्या अमेरिकेलाही गेल्या. आत आलेली मुलगी बाहेर पडली तरी तिचे नाते तुटले नाही. ती परत येऊ शकत होती. येताना कधी काम घेऊन येई, कधी विसावा मागायला येई.

आपल्याकडे अशा जागेला एकच शब्द आहे, माहेर. मुलगी तेथे कायमची राहत नाही, पण ते आहे एवढ्या भरवशावर ती जगात कुठेही निभावून नेते. हिंगण्याच्या संस्थेने भाऊबीज निधीची प्रथा पाडली आणि दिवाळीत साऱ्या महाराष्ट्रातून ओवाळणी गोळा होऊ लागली. पैशासाठीच तो निधी होता, हे खरे. पण त्या नावाने देणाऱ्याला भावाचे नाते दिले आणि मुलींना भाऊ असल्याचे सांगितले.

मुलांच्या बाबतीत हेच साताऱ्याला घडले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळाले. मुले स्वयंपाक करीत, शेतात राबत, एका पंक्तीला जेवत. मुलांची जेवणे अडली तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले, ही हकिकत सर्वांना ठाऊक आहे. त्या १९३० मध्येच गेल्या. त्या बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले, शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले, पण रयतेशी त्यांचे नाते अखेरपर्यंत राहिले. अण्णांच्या बोर्डिंगातून गेलेले कितीतरी जण शिक्षक होऊन संस्थेतच परतले. मुलाला बोर्डिंग सोडताना घर सुटल्यासारखे वाटले असेल, दार बंद झाल्यासारखे वाटले नसावे.

आता कायद्याकडे वळून पाहू. १९८६ च्या कायद्यात मुलाचे बालपण सोळाव्या वर्षी आणि मुलीचे अठराव्या वर्षी संपत होते. २००० च्या कायद्याने दोघांनाही अठरा वर्षे दिली. अठरानंतर ज्यांना आधार नाही त्यांच्यासाठी अनुरक्षण गृहांची तरतूद आहे. सध्याच्या कायद्यात हा आधार एकवीस वर्षांपर्यंत आणि नियमांनुसार अपवादात्मक परिस्थितीत तेवीसपर्यंत देता येतो. २०२२ च्या मिशन वात्सल्य योजनेत अशा तरुणांना दरमहा ४,००० रुपयांच्या साहाय्याची सोय आहे. आजच्या भाडेदरांत या रकमेत काय होते, हे शहरात खोली शोधणाऱ्या कुणालाही विचारावे.

पण पैशाआधी एक साधा अर्ज अडतो. बँकेत, महाविद्यालयात, खोलीमालकाकडे, सगळीकडे एक रकाना असतो, 'कायमचा पत्ता'. अठराव्या वर्षी संस्था सोडलेल्या मुलाने तेथे काय लिहायचे? अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी याचे उत्तर आपल्यापुरते देऊन टाकले. तेथल्या दिव्यांग मुलामुलींना त्यांनी वडील म्हणून स्वतःचे नाव दिले आणि अठरा वर्षांनंतरही त्यांना बाहेर काढू नये यासाठी ते सातत्याने आवाज उठवत आले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सिंधुताई सपकाळ यांनीही आपल्या मुलांना वयाचा दाखला पाहून निरोप दिला नाही. २०२२ मध्ये त्या गेल्या, तेव्हा त्यांची लग्न झालेली, नोकरीला लागलेली मुले पोरकी झाल्यासारखी रडली.

सर्वांना पापळकर किंवा सिंधुताई होता येणार नाही, आणि एकेका मोठ्या माणसाच्या खांद्यावर ही व्यवस्था उभी राहू नये, हेही खरे. मोठे माणूस गेले की मुले पुन्हा उघड्यावर येतात. म्हणून कायदा हवा, समुपदेशक हवेत, अनुरक्षण गृहे हवीत, शक्य तेथे मुलांना कुटुंबात वाढवण्याची सोय हवी. कर्मचारी पुरेसे हवेत आणि त्यांचे पगार वेळेवर हवेत, कारण सहा महिन्यांनी बदलणारी ताई कितीही प्रेमळ असली तरी ती स्थिर माणूस ठरत नाही.

आपण सामान्य माणसांनी काय करावे? वाढदिवस, पुण्यतिथी, स्वातंत्र्यदिन या निमित्तांनी आपण बालगृहात जातो. बिस्किटे वाटतो, फोटो काढतो. लहान मुले आनंदतात. मोठ्या मुलामुलींचे चेहरे त्या फोटोत पाहा. त्यांना आपण दाखवले जात आहोत हे कळत असते. त्याऐवजी वर्षभर एकाच मुलाच्या गणिताला महिन्यातून दोनदा जाणे कमी दिसाऊ, पण त्याच्या अधिक उपयोगाचे. येणार असे सांगितले तर यावे. जमणार नसेल तर आधी कळवावे. आणि अठरा पूर्ण झालेल्या एखाद्या मुलीला खोली भाड्याने देताना, तिच्या वडिलांचे नाव विचारताना, आपल्या आवाजात संशय येऊ देऊ नये.

एक विनंती शेवटी करते. यंदा दिवाळीला आपल्या गावातल्या बालगृहात गेलात, तर किती मुले राहतात, खर्च किती येतो, हे विचारालच. त्यासोबत आणखी एक विचारा. येथून शिकून बाहेर पडलेली किती मुलेमुली या दिवाळीला परत आली? अधीक्षकांनी नावे सांगायला सुरुवात केली, कुणी लाडू घेऊन आले होते, कुणी बाळ दाखवायला आली होती असे सांगितले, तर त्या घरात राहणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलामुलींनीही ते पाहिले आहे, एवढे समजा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)